ब्रास बँडची नोटेशन लिहून देणारं गिरगावातलं दुकान

मिरवणुकीच्या गाण्यांसाठी इथलं काम चोख आहे. स्पर्धेसाठी घेणार असाल तर मात्र नीट तपासून घ्या. पांढरी दोनमधलं (पेटीच्या त्या पट्टीला सा धरलेलं) मेजर गाणं बी-फ्लॅट ट्रम्पेटला (त्याच्या कागदावरचा सी प्रत्यक्षात बी-फ्लॅट, म्हणजे काळी पाच, वाजतो) चार शार्पमध्ये, म्हणजे चार सूर अर्ध्या सुराने चढे धरून, येतं आणि नवख्यांची बोटं अडखळतात. आपण सांगितलं, तर इथे तेच गाणं काळी पाचमध्ये उतरवून देतात. ट्रम्पेटला सरळ सी मेजर मिळतं, एकही शार्प नाही. झकास! खटकतं ते एवढंच की मुखडा-अंतरा दोन्ही पहिल्या ट्रम्पेटवर, मध्ये विश्रांतीच नाही. ओठ थकले की वरचे सूर फुटतात. अंतरा युफोनियमला (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) द्यायला सांगा. त्याचा कागद ट्रेबल क्लेफमध्ये हवा की बासमध्ये (नोटेशन लिहिण्याच्या या दोन पद्धती), तेही आधीच ठरवा. पैसे देण्याआधी तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद मागून वाचा, घाईचं काम तिथेच उघडं पडतं.