गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन : पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

आईच्या गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी आम्ही निवडलेल्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांविषयी पुष्कळ लिहिले जाते. म्हणून येथे केवळ शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाविषयी लिहितो.

भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशीच क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) अहवाल पाहून डायक्लोफिनॅकच्या गटातील, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आणू शकणारी वेदनाशामक औषधे आईला द्यायची नाहीत, असे केसपेपरवर नोंदवले. पाठीतून दिलेल्या भुलीबरोबर सोनोग्राफीच्या मदतीने मांडीत ॲडक्टर कॅनॉल ब्लॉक, म्हणजे गुडघ्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करणारे इंजेक्शन, देण्यात आला. या ब्लॉकने गुडघ्याची वेदना कमी होते, पण मांडीच्या स्नायूंची ताकद बरीचशी टिकून राहते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून तिला उभे करता आले. जोडीला दर सहा तासांनी शिरेतून एक ग्रॅम पॅरासिटामॉल चालू होते.

मला सर्वांत आवडली ती वेदना विचारण्याची पद्धत. शून्य ते दहा हा आकडा सगळीकडेच विचारतात. येथील दिवसपाळीच्या सिस्टर मात्र पडून असताना किती आणि गुडघा वाकवताना किती, असे दोन आकडे लिहून घेत. पडून असताना दोन म्हणणारी आई वाकवताना सात सांगे, आणि व्यायाम होणार की नाही हे त्या साताच्या आकड्यावर ठरत असल्याने फिजिओथेरपिस्ट येण्यापूर्वीच औषध दिले जाई.

रात्रपाळीत मात्र ही शिस्त ढिली पडली. ब्लॉकचा असर उतरला की वेदना एकदम उसळते, हे ठाऊक असूनही ट्रॅमाडॉल हे अधिक तीव्र वेदनाशामक ‘एसओएस’ म्हणजे मागितले तरच द्यायचे, असे लिहिलेले होते. आमच्या आईच्या पिढीतील बायका औषध मागत नाहीत. ‘होतंय सहन, कशाला त्या पोरीला उठवायचं,’ एवढेच तिचे उत्तर. तक्त्यावरचा रात्रीचा रकाना त्यामुळे कोराच राहिला. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी ते औषध ठरावीक वेळी देण्यास सांगितले आणि मळमळीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन जोडले, पण ही सुधारणा आदल्या संध्याकाळीच व्हायला हवी होती. येथे दाखल होणाऱ्यांनी पहिल्या रात्रीची औषधे वेळेवर मिळणार की मागितल्यावर, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारून घ्यावे.

ब्लॉकचा खर्च पॅकेजबाहेर लावला गेला, हेही खटकले. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा नीट लिहिल्या होत्या. ट्रॅमाडॉलच्या संयुक्त गोळीतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा दिवसभरातल्या पॅरासिटामॉलची बेरीज करताना ते धरावे, हे औषधविभागातील मुलीने आपणहून समजावले.