औलीचा बर्फ: अंदाज कुठला बघायचा, तारीख कशी ठरवायची

उत्तराखंडातलं स्कीचं ठिकाण असलेल्या औलीला मी पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा बर्फाच्या माहितीसाठी आहे. नागपूरहून रेल्वेने दिल्ली, पुढे हरिद्वार, मग ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा घाट. एवढं करून वर पोचावं आणि उतारावर पिवळं गवत दिसावं, यासारखा हिरमोड नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं तसंच झालं. बुकिंग करणाऱ्याने ‘जानेवारीत बर्फ पक्का’ म्हणून पैसे घेतले, आणि मुलांना भाड्याचे गमबूट घालून चिखलातून फिरावं लागलं. हिमालयात पक्का बर्फ कुणीच देऊ शकत नाही. अंदाज मात्र नीट वाचता येतो, आणि तो वाचूनच आम्ही गेलो: मी, नवरा आणि इंजिनिअरिंगला असलेली लेक.

पहिली गोष्ट उंचीची. मोबाइलमधल्या ॲपवर आपण ‘जोशीमठ’ टाकतो. ते गाव १,९०० मीटरच्या आत-बाहेर आहे. औलीचा उतार साधारण २,५०० मीटरपासून ३,०५० मीटरपर्यंत जातो. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे ॲप जोशीमठला ५ अंश आणि पाऊस दाखवत असेल, तर त्याच वेळी औलीच्या वरच्या टोकाला शून्याखाली तापमान आणि बर्फ असू शकतो. ‘पाऊस आहे’ म्हणून सहल रद्द करणारे इथेच फसतात. काही परदेशी वेबसाइट स्कीच्या उताराचा पायथा, मध्य आणि माथा असे तीन वेगळे अंदाज देतात. त्यातला मधला धरा.

त्याहून कामाचं आहे ते देहरादूनच्या हवामान केंद्राचं बुलेटिन. हवामान खात्याच्या साइटवर फुकट मिळतं, हिंदीतही असतं. त्यात ‘३,००० मीटर या उससे अधिक ऊंचाई पर बर्फबारी’ अशी ओळ येते. त्या आकड्यावरच सगळं आहे. ३,५०० लिहिलं असेल तर तो बर्फ हेमकुंडच्या बाजूच्या शिखरांना, औलीला नाही. ३,००० असेल तर फक्त माथ्यावर पडेल. २,५०० दिसलं की मात्र बॅगा भरायला घ्या, अख्खा उतार पांढरा होतो.

हा बर्फ आणतो पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या या वाऱ्यांच्या लाटा हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी येतात, पण प्रत्येकीत दम नसतो. आपल्या नागपूरकरांना त्यांचा माग घरबसल्या लागतो. उत्तरेत विक्षोभ असला की बरेचदा इथे रात्रीचा गारठा कमी होतो, आभाळ भरून येतं. तो पुढे सरकला की उत्तरेचं कोरडं वारं मोकळं सुटतं आणि एक-दोन दिवसांत आपला पारा धपकन खाली येतो. मी रोज सकाळी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं किमान तापमान बघत होते. ते घसरायला लागलं आणि देहरादूनचं बुलेटिन ‘मौसम शुष्क’ म्हणायला लागलं, त्याच दिवशी आम्ही निघालो. बर्फ पडत असताना पोचण्यात अर्थ नाही. रस्ते बंद होतात, ऑरेंज अलर्ट असला तर घाटात अडकायची भीती. पडून गेल्यावर दोनेक दिवसांनी पोचावं: रस्ता मोकळा, आकाश निळं, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी स्वच्छ.

वर गेल्यावर पहिल्याच सकाळी आमच्या शिक्षकाने जे केलं ते कुठल्याही ॲपमध्ये नाही. गढवाली तरुण, लेकीच्याच वयाचा. स्की पायात चढवू देण्याआधी त्याने काठी उलटी धरून उतारावर चार-पाच ठिकाणी खुपसली. एका जागी ती चार बोटं जाऊन खट्कन दगडाला लागली. दुसऱ्या जागी मुठीपर्यंत आत गेली. ‘दीदी, ऊपर नया है, नीचे देखना पड़ता है,’ म्हणाला आणि आम्हाला दुसऱ्या जागेकडे घेऊन गेला. बातमीत ‘औलीत १० सेंटीमीटर बर्फ’ छापून येतं तो नुसता ताजा थर असतो. खाली जुना, दाबलेला थर नसेल तर त्यावर स्की करता येत नाही, फोटो तेवढे निघतात. म्हणून फोन करून विचारायचं ते ‘बर्फ पडला का’ असं नाही. ‘नीचे बेस कितना है’ असं विचारा. लगेच खरं उत्तर मिळतं, आम्हाला मिळालं.

सकाळी उतार रात्रीच्या थंडीने कडक, निसरडा असतो. नवख्यांसाठी दहा-साडेदहानंतरचे दोन तास उत्तम. दुपारी ऊन लागलं की बर्फ ओला होतो, स्कीखाली चिकटतो आणि गुडघ्यांवर ताण येतो. लेकीला स्कीची टोकं जवळ आणून थांबायला दुसऱ्या दिवशी जमलं, आणि तिचा तो चेहरा बघण्यासाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करेन. भाड्याचे बूट घेताना घाई करू नका. बकल लावून पुढे झुका, टाच उचलली जात असेल तर एक नंबर लहान मागा. नागपूरच्या स्वेटर बाजारातले लोकरीचे हातमोजे तिथे चालत नाहीत, ओले होऊन बोटं बधिर होतात. पाणी न शिरणारेच हवेत.

कृत्रिम बर्फाच्या भरवशावर कुणी नेत असेल तर जाऊ नका. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत बर्फ तयार करणारी यंत्रं आणि तळं उभं राहिलं. पण अशा यंत्राला तापमान शून्याच्या दोन-तीन अंश तरी खाली लागतं, हवा कोरडी लागते, पाणी लागतं. उबदार हिवाळ्यात, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हाच ते जमत नाही.

जोशीमठहून औलीला जाणाऱ्या रोपवेचाही विचार सोडून द्या. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तो बंद केला आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. जीपने वर जावं लागतं, पंधरा किलोमीटरच्या आसपास. चाकांना साखळ्या आहेत का ते बसण्याआधी बघा. गढवाल मंडळ विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचे ७ आणि १४ दिवसांचे स्की कोर्स आहेत, पण त्यांच्या तारखा आधी ठरलेल्या असतात, त्यामुळे बर्फ बघून निघायचं असेल तर खासगी शिक्षक सोयीचा.

माझं मत विचाराल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. डिसेंबरच्या सुट्यांत जाऊ नका, तोवर बेस बसलेला नसतो. रेल्वेचं तिकीट दोन तारखांचं काढून ठेवा, एक रद्द केल्याचे थोडे पैसे जातात ते जाऊ द्या. खोली घेताना तारीख पुढे ढकलता येते का हे पैसे भरण्याआधी विचारा. आमच्या होमस्टेच्या मावशींनी एका फोनवर तारीख बदलून दिली, वर ‘अभी मत आओ, दो दिन रुको’ असंही स्वतःहून सांगितलं.