श्रीनगरचा भरलेला नकाशा आणि रत्नागिरीची फ्रेम

महाराजा रणबीर सिंह यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, काश्मिरी कारागिरांनी अख्खं श्रीनगर शालीवर भरलं. अशी एक शाल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, दुसरी कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात. त्याच धर्तीवर सोझनी टाक्यात, म्हणजे बारीक काश्मिरी सुईकामात, भरलेला तीन फुटी लोकरी तुकडा रत्नागिरीतल्या एका दुकानाने फ्रेम करून दिला. एक पावसाळा गेल्यावर त्या कामाची ही तपासणी.

टाकेकाम उत्तम. कुठेही गोंद किंवा चिकटपट्टी नाही. खळ उकळून काढलेलं मांजरपाट पुठ्ठ्यावर ताणून त्यावर तुकडा बारीक सुती दोऱ्याने टाचलाय, तोही वाकड्या सुईने आणि धाग्यांच्या मधून, म्हणजे वीण तुटत नाही. सुरुवात मधून करून चारही कडांकडे गेल्याने ताण सारखा बसलाय. नकाशाला याचं महत्त्व फार. वेलबुट्टी जराशी तिरकी झाली तरी खपते, पण कोपरा ओढला गेला की झेलम भलतीकडे वळते. इथे अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल, आली कदल, नवा कदल, सफा कदल हे सातही पूल ओळीने जागेवर आहेत. कदल म्हणजेच पूल.

घोटाळा काचेत आहे. काच थेट लोकरीला टेकवलीये. कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की काचेच्या आतून ओल धरते. भरलेल्या दोऱ्याचा उंचवटा काचेला चिकटून ओला राहतो, रंग फुटतो, मग बुरशी. कडेने निदान सहा मिलिमीटरची पट्टी घालून काच दूर ठेवायलाच हवी होती. मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला फळा, लावलाय, तेही चूक: त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ लोकर आणि रंग दोन्ही खाते. आम्लरहित पुठ्ठा मागवून द्यावा, दुकानदार तो आनंदाने वापरतो.

फ्रेम करण्याआधी कसर मारून घेणं दुकानाच्या कामात येत नाही, ते घरीच करावं. तुकडा गुंडाळून पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायचा, उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. डांबराच्या गोळ्या फ्रेमच्या आत मुळीच नकोत.

टांगताना जांभ्याची पावसाकडची भिंत टाळावी. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते. उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच, पुरे; खिडकीसमोर तर नकोच.

टाकेकाम याच दुकानाला द्यावं. काच दूर ठेवणारी पट्टी आणि आम्लरहित पुठ्ठा मात्र स्वतः उभं राहून घालून घ्यावा, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की मागची बाजू एकदा उघडून बघावी.