रोजचं तैलचित्र: टेबलावरचं वांगं की बाहेरचा डोंगर?

कॉलेजात असताना चित्रं काढली, मग नोकरीच्या धबडग्यात ब्रश माळ्यावर गेला, आणि आता पुन्हा तैलरंग हातात घ्यायचे आहेत, तेही रोज, असं ठरवलेल्या माणसासाठी हे लिहितोय. हाताशी पाऊण तास ते एक तास. कॅनव्हास किंवा बोर्ड लहान, सहा बाय आठ इंचांच्या आसपास. एका बैठकीत सुरू, त्याच बैठकीत संपलं. अमेरिकेतल्या रिचमंडच्या चित्रकार ड्युएन कायझरने २००४ च्या डिसेंबरात पोस्टकार्डाएवढं रोज एक चित्र करायला सुरुवात केली आणि ही पद्धत जगभर पसरली. अडचण येते ती विषयाची. घरात वस्तू मांडून स्थिरचित्र करायचं, की बाहेर जाऊन निसर्गचित्र?

माझं मत आधीच सांगतो: सवय लावायची असेल तर सोमवार ते शुक्रवार स्थिरचित्र. निसर्गचित्र सुटीच्या सकाळी, आणि तेही पाऊस संपल्यावर. निसर्गचित्र कमी दर्जाचं आहे म्हणून नव्हे. उलट ते जास्त अवघड आहे, आणि अवघडपेक्षाही जास्त वेळखाऊ आहे.

तयारी आणि आवराआवर

जलरंगाची डबी खिशात मावते. तैलरंगाचं तसं नाही. ईझल (बोर्ड टेकवायची घोडी), पॅलेट, ट्यूबा, रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला टर्पेंटाईन, चिंध्या, आणि येताना ओला बोर्ड. स्कूटरवर ओला बोर्ड घेऊन घरी आलेल्या माणसाला विचारा, शर्टावर आकाश कसं उमटतं ते. यावर उपाय आहेत: खाचा असलेली लाकडी पेटी करून घ्या, किंवा सारख्या मापाचे दोन बोर्ड समोरासमोर धरून कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि वर रबर लावा. पण मांडामांडीला आणि आवरायला मिळून अर्धा तास जातोच. जायचा-यायचा वेळ वेगळा.

घरात मात्र टेबल कायमचं मांडलेलं ठेवता येतं. वस्तू, दिवा, पॅलेट सगळं जागेवर. ऑफिसातून दमून आलात, तरी खुर्चीत बसलं की पाच मिनिटांत पहिला फटका मारता येतो. रोजच्या सवयीचा निकाल इथेच लागतो. हुरूप असलेल्या दिवशी माणूस सिंहगडावरही ईझल नेतो. प्रश्न हुरूप नसलेल्या दिवसांचा असतो.

घरात करताना एक काळजी घ्या. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाईनचा वास बंद खोलीत कोंडू देऊ नका. लहान मुलं असतील तर ब्रश आधी पुसून मग साध्या खाद्यतेलात धुवा, शेवटी साबण. टर्पेंटाईन बरंच कमी लागतं.

उजेड

तुलनेचा खरा गाभा हा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पाऊण तासात झाडाची सावली रस्ता ओलांडून जाते, आणि तुम्ही सुरुवातीला जी सावली रंगवली ती आता समोर नसते. फ्रान्सच्या व्हॅलेन्सिएन या चित्रकाराने १८०० साली निसर्गचित्रणावर लिहिताना विद्यार्थ्यांना बजावलं होतं की बाहेरचा तैल अभ्यास दोन तासांपलीकडे नेऊ नका, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात उरका. फ्रेंच चित्रकार मोने तर उजेड बदलला की कॅनव्हासच बदलायचा. गवताच्या गंजींची त्याची मालिका अशीच झाली.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. युरोपातल्या पुस्तकांत दिवसभर तिरपा येणारा मऊ उजेड गृहीत धरलेला असतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नऊनंतर ऊन माथ्यावर चढायला लागतं, सावल्या आखडतात, रंग भाजून पांढरे पडतात. म्हणजे बाहेरच्या कामाला सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक. नेमके तेच तास डबे, शाळा आणि लोकल यांचे.

स्थिरचित्रात उजेड तुमच्या मुठीत असतो. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, समोरची आणि एका बाजूची भिंत कापा, आत काळा किंवा राखाडी कागद लावा, कापलेल्या बाजूने एकच दिवा सोडा. छतावरची ट्यूबलाइट वस्तूवर पडू देऊ नका, नाहीतर एका लिंबाला दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. कॅनव्हासवरचा दिवा पांढरा हवा. पिवळ्या बल्बखाली जुळवलेला रंग सकाळी निळसर, मेलेला दिसतो.

खिडकीचा उजेड वापरणार असाल तर उत्तरेची खिडकी, हे सगळे सांगतात. ते युरोपात पूर्ण खरं, आपल्याकडे अर्धंच. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं. पातळ पांढरा पडदा लावला की काम भागतं.

हिरव्याचं संकट

पावसाळ्यातला सह्याद्री पाहून ब्रश हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, निदान पहिल्या वर्षी. चहूकडे हिरवा, आणि नवखा माणूस ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावतो. चित्र प्लास्टिकचं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून येणारा मळका हिरवा डोंगराला जास्त शोभतो, पिवळ्यात काळा टाकून येणारा ऑलिव्ह झाडाच्या सावलीला. पण हे जमायला वेळ लागतो. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, माती दिसायला लागते, मागच्या रांगा निळसर होत जातात. मग ऑकर, बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), अल्ट्रामरीन आणि पांढरा, एवढ्या चार ट्यूबांत अख्खं दृश्य बसतं. फेब्रुवारीत पळस आणि पांगारा फुलतो, तेव्हा लालाची ट्यूब काढा.

घरातल्या टेबलावर ही अडचण नाही. वस्तू तुम्ही निवडता, म्हणजे रंगही तुम्हीच निवडता. लिंबू, अंडं, वांगं या क्रमाने सुरुवात करावी. लिंबात सावलीतला पिवळा कसा करायचा ते कळतं (काळा घातला की हिरवट होतो, थोडा जांभळट तपकिरी घालून बघा). पांढऱ्या कापडावरचं अंडं पांढऱ्याचे दहा प्रकार दाखवतं. वांग्यावर गडद जांभळा आणि खिडकीची एक टोकदार चकाकी, बस. तांब्या-पितळेची भांडी दिसायला मोहक, पण त्यात सगळी खोली आणि तुमचं नाकही उमटतं. ती दोन महिने बाजूला ठेवा. जास्वंद एका दिवसात मिटते, केळं काळं पडतं, सीताफळ उकलतं, तरी एका बैठकीच्या चित्राला त्याचं काही बिघडत नाही. उद्या पुन्हा तेच करायचं असेल तर कांदा, भोपळा, नारळ.

मग बाहेर जायचंच कशाला?

कारण टेबल आळशी करतं. लिंबू सहा बाय आठच्या बोर्डावर प्रत्यक्ष मापात बसतं. जे दिसतं ते तेवढंच काढायचं. ताम्हिणीची दरी त्याच बोर्डावर आणायची म्हणजे शंभरातल्या नव्वद गोष्टी सोडाव्या लागतात, आणि काय सोडायचं हे उजेड जायच्या आत ठरवावं लागतं. डोळे बारीक करून चार-पाच मोठे आकार शोधायची सवय बाहेरच लागते. नुसती स्थिरचित्रं करणाऱ्याचा हात नेटका होतो, पण कडा सगळीकडे सारख्या धारदार येतात. बाहेर काम केलेला माणूस कडा सोडायला, म्हणजे काही ठिकाणी पुसट ठेवायला शिकतो.

खर्चात फारसा फरक नाही. ट्यूबा त्याच, पांढऱ्याची मात्र सर्वांत मोठी घ्या. बाहेरसाठी पेटी आणि तिपाई एवढं जास्तीचं. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, बुरशी धरतो, म्हणून दोन्हीकडे प्रायमर (रंगाखालचा अस्तर-लेप) मारलेला एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड बरा. लोकांचं म्हणाल तर ते येणारच. ‘कितीला देणार?’ आणि ‘आमचं घर काढा की’ याला हसून मान डोलवायची आणि हात चालू ठेवायचा. एकट्या बाईने आडवाटेला जाण्यापेक्षा रविवारी एकत्र चित्रं काढणाऱ्यांबरोबर जावं.

खिडकी

या दोन्हींच्या मधली एक जागा बरेच जण विसरतात. इटलीतल्या बोलोन्यात, व्हिया फोंदात्सा या रस्त्यावरच्या घरात चित्रकार जॉर्जिओ मोरांदी बहिणींबरोबर राहायचा आणि झोपायच्या खोलीतच रंगवायचा. बाटल्यांचा चित्रकार म्हणून त्याचं नाव, पण त्याच खोलीच्या खिडकीतून दिसणारं अंगण आणि समोरच्या भिंतीही त्याने अनेकदा रंगवल्या. टेबल न हलवता निसर्गचित्र. आपल्या गॅलरीतून पाण्याची टाकी, पत्र्याचं छप्पर आणि मागे नारळाचं झाड दिसत असेल, तर तिथे उन्हाचा विषय आहे, मांडामांड शून्य आहे आणि पाऊसही अंगावर येत नाही. सकाळी सव्वासातला रोज तेच छप्पर पंधरा दिवस रंगवलं, तर एका दूरच्या सहलीपेक्षा जास्त हाती लागेल असं मला वाटतं. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनीही तिथले रंकाळा आणि कोटीतीर्थ हे तलाव पुन्हा पुन्हा रंगवले होते.

कोणी काय घ्यावं

संध्याकाळीच वेळ मिळतो, घर शहरात आहे, तर स्थिरचित्र, विचार करू नका. निवृत्त आहात, पहाटे उठता, गावाला किंवा नदीकाठी राहता, तर नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर आणि जून ते सप्टेंबर टेबलावर. शिकागोत किंवा टोरांटोत असाल तर गणित उलटं: डिसेंबरात पाचच्या आत अंधार, म्हणून दिव्याखाली लिंबू. जूनमध्ये ऑफिस सुटल्यावरही आठपर्यंत उजेड, तेव्हा बागेत जा.

आणि भांडीकुंडी रंगवायचा मनापासून कंटाळा असेल, तर जबरदस्ती करू नका, दोन आठवड्यांत सवय मोडेल. फक्त आकाश घ्या. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला तैलरंगात ढगांचे असेच छोटे अभ्यास केले, आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. गच्चीवर वीस मिनिटांत होतं. मागे वेळ लिहायला तुम्हीही विसरू नका, म्हणजे तसाच उजेड पुन्हा हवा असेल तेव्हा किती वाजता वर जायचं ते कळेल.