मगरपट्टा सिटी: एकाची नोकरी आत, दुसऱ्याची हिंजवडीत

पाचपैकी चार स्टार. नवऱ्याला विचाराल तर तो तीन म्हणेल, आणि त्याचंही बरोबर आहे.

मगरपट्टा सिटी म्हणजे पुण्यात हडपसरला घरं आणि ऑफिसं एकत्र असलेली वसाहत. मी इथल्या सायबरसिटी या आयटी पार्कातल्या एका टॉवरमध्ये नोकरी करते आणि इथेच कॉसमॉस या सोसायटीत भाड्याने राहते. ऑफिसला चालत जाते, तेही झाडांच्या सावलीतून आणि फुटपाथवरून. पुण्यात हे सांगितलं तर लोकांना थाप वाटते. मुलाची शाळा आत, डॉक्टर, मेडिकल, इस्त्रीवाला सगळे पायी अंतरावर. मुलाला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला, तर त्याला घरी आणून सासूबाईंच्या हवाली करते आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा जागेवर असते. औंधला असताना अशा वेळी सरळ रजा टाकावी लागायची. स्कूटर मात्र उभी राहून राहून रुसते, सेल्फ घेतच नाही.

सासूबाईंची संध्याकाळ अदिती गार्डनमध्ये जाते. भाजी मात्र त्या आत घेणार नाहीत. "पावशेर गवार डब्यात घालून विकतात, आणि भाव बघ!" म्हणत पिशवी घेऊन रिक्षाने हडपसरच्या मंडईत.

ही वसाहत मूळ शेतकऱ्यांनीच उभी केली. सुमारे 120 कुटुंबांनी जमिनी विकून मोकळं होण्याऐवजी एकत्र केल्या, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे शेअर घेतले. अशी सलग 400 एकर हातात आली, म्हणून घरं, ऑफिसं, शाळा, बागा एकदमच आखता आल्या. तुकड्यातुकड्यांनी प्लॉट विकले गेले असते तर हे जमलंच नसतं.

आता नवरा. त्याचं ऑफिस हिंजवडीत, म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. मी दुसरा चहा घेत असते तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये कुठेतरी अडकलेला असतो. नकाशा काढणाऱ्याने घरटी एकच नोकरी धरलेली दिसते, आमच्या घरात दोन आहेत. हिंजवडीजवळ घर घेतलं तर त्या बसमध्ये मी बसणार, एवढाच फरक. शिवाय आयटीतली नोकरी, उद्या बदलली तर? घर काही पाठीवर घेऊन फिरता येत नाही.

आमच्या कामाच्या मावशी मांजरीहून येतात. बस, मग पायपीट. इथलं भाडं त्यांना कसं झेपणार? सोसायट्यांतल्या बऱ्याच वॉचमनचंही तेच.

घर बघायला येणार असाल तर रविवारी येऊ नका. रविवारी सगळंच छान दिसतं. सोमवारी सकाळी नऊला या, आधी मुंढव्याच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा, मग एजंटला फोन करा.