वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी नेटवर काय टिकलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

वाचन-लेखनासाठीच्या साइट्सची यादी कोणीही देतं. पण सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर त्यातलं काय आपसूक उघडलं जातं, हे काही महिने गेल्यावरच कळतं. माझ्यापुरतं उत्तर पक्कं झालंय: मराठी विकिस्रोत. आणि तिथे मी वाचायला कमी, मुद्रितशोधनाला जास्त जाते.

विकिस्रोत हे विकिपीडियाचं भावंड, २००३ मध्ये सुरू झालेलं. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात ठेवली जातात. काम असं चालतं: एका बाजूला जुन्या पानाचा स्कॅन, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. दोन्ही ताडून पाहायचे, चुका काढायच्या आणि पानाचा दर्जा बदलायचा. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. आपण पिवळं केलेलं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही. ही अट मला फार आवडते. कुठल्यातरी अनोळखी माणसाने आपल्यामागून तेच पान तितक्याच काळजीने वाचलेलं असतं.

देवनागरीत यंत्र कुठे अडखळतं हे लवकरच पाठ होतं. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांच्या जागी येतात, रफार उडतो नाहीतर शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. शाई पुसट असेल तर अनुस्वार गळतो आणि कागदावर डाग असेल तर नको तिथे उगवतो. हे फार जपून पाहावं लागतं, कारण १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’ असे अनुस्वार खरोखरच छापलेले असतात. विकिस्रोतावर मूळ छपाई जशीच्या तशी ठेवायची असते, तिला आजचे नियम लावायचे नसतात.

या कामात वाचन विलक्षण मंदावतं, आणि मला जे मिळालं ते त्यातूनच. एरवी नजर वाक्यांवरून घसरत जाते. इथे प्रत्येक वेलांटीपाशी थांबावं लागतं, त्यामुळे लेखकाने लांबलचक वाक्य कुठल्या क्रियापदावर आणून टेकवलं, परिच्छेद नेमका कुठे तोडला, हे दिसायला लागतं. जुन्या गद्यात अर्धविराम किती सहज यायचा! आता स्वतःचा मसुदाही मी त्याच डोळ्यांनी वाचते. ‘अतिशय’, ‘खूपच’, ‘एक प्रकारे’ असले भरतीचे शब्द लगेच टोचतात. लेखनाविषयीचा कितीही सल्ला वाचून हे साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी कायम उघडी असलेली जागा म्हणजे शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचा संग्रह. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथे विनामूल्य आहेत. शब्द अडला की अर्थ पाहायचा, एवढाच त्याचा उपयोग नाही. मोल्सवर्थमध्ये सगळ्या नोंदींच्या मजकुरातही शोध घेता येतो, आणि अर्थ इंग्रजीत दिलेले असल्यामुळे कोश उलटा चालवता येतो. एखाद्या अवजाराचा किंवा आवाजाचा मराठी शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही, अशा वेळी त्याचा इंग्रजी अर्थ टाकायचा. हवा तो शब्द मिळतोच, शिवाय शेजारचे पाच नवे भेटतात. लिहिणाऱ्याने ही एक सवय तरी लावून घ्यावीच.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग बहुतेकांना माहीत असतं. मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला विनामूल्य ईबुकांचा हा प्रकल्प आता सत्तर हजारांहून अधिक पुस्तकांवर गेलाय, मात्र बहुतांश इंग्रजी. तिथली निवडक पुस्तकं स्टँडर्ड ईबुक्सवर नीटस अक्षरजुळणी करून मिळतात. लांब कादंबरी ईबुकवर वाचायची असेल तर आधी तिथे पाहा. लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं ऐकता येतात. प्रकरणागणिक आवाज बदलला की तंद्री मोडते, म्हणून शोधतानाच एकाच वाचकाने पूर्ण केलेली पुस्तकं निवडावीत.

इंटरनेट आर्काइव्हबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. जुन्या मराठी पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे स्कॅन तिथे भरपूर आहेत, पण नावं अनेकदा रोमन लिपीत आणि हव्या त्या स्पेलिंगने चढवलेली असतात. देवनागरीत काही सापडलं नाही म्हणून परत फिरू नका. लेखकाचं आडनाव दोन-तीन प्रकारे रोमनमध्ये लिहून पाहा, मग भाषेची चाळणी लावा. आणि स्वामित्वहक्क संपलेलं जे सापडेल ते उतरवून ठेवा. अमेरिकी प्रकाशकांच्या दाव्यामुळे तिथून उसनी मिळणारी पाच लाखांहून अधिक पुस्तकं काढावी लागली, तेव्हा आज दिसतंय ते उद्याही असेल असं धरून चालू नये.

हेच लिहिण्याच्या ठिकाणांनाही लागू आहे. महिन्याभरात पन्नास हजार शब्द लिहायचा नॅनोरायमो हा उपक्रम १९९९ पासून चालला आणि २०२५ मध्ये ती संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. म्हणूनच माझे मसुदे माझ्याच संगणकावर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ऑनलाइन प्रसिद्ध झालेलं लेखन मी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबपानं जपणाऱ्या सेवेत, साठवून ठेवते. पानाचा पत्ता टाकून एक बटण दाबायचं, इतकंच ते काम.

विकिस्रोतावर सुरुवात करायची असेल तर खातं उघडा आणि पिवळ्या पानांपासून हात घाला. बहुतेक चुका आधीच निघालेल्या असतात, त्यामुळे पद्धत अंगवळणी पडते. कविता, तक्ते आणि तळटीपांची पानं आधी नकोत, त्यांच्या मांडणीचे साचे वेगळे शिकावे लागतात. कथांचं किंवा निबंधांचं पुस्तक धरा. काम मोठ्या पडद्यावर करा, फोनवर स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी मावत नाहीत. आणि एका बैठकीत चार-पाच पानांच्या पुढे जाऊ नका, त्यानंतर डोळे चुका गिळायला लागतात.