आयकराच्या रिफंडसाठी कुणाकुणाकडे गेलो त्याचा रिव्ह्यू (गोव्यातल्या नवराबायकोंनी वाचाच)

हा रिव्ह्यू तसा चार जणांचा आहे, एक ऑनलाइन रिटर्न भरून देणारी सर्व्हिस, एक हेल्पलाइन, एक पणजीत पाटोवरच्या आयकर ऑफिसची खेप आणि एक फोंड्यातले सल्लागार. पहिल्याला एक स्टार, तोसुद्धा ॲप दिसायला छान आहे म्हणून.

झालं असं की एफडी माझ्या नावावर आहे, बँकेनं २०२३-२४ ला १,८४,००० रुपये व्याज दिलं आणि त्यातून १८,४०० टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापून घेतला. आता बाहेरच्या लोकांना हे माहीतच नसतं, पण आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, लग्न झालं की मिळकत दोघांची, आणि १९६१ च्या आयकर कायद्यानं पण ते मान्य केलंय, कलम ५ए. पगार ज्याचा त्याचा, बाकी सगळं उत्पन्न नवराबायकोत निम्मं निम्मं. कलम घातलं १९९४ ला आणि लागू केलं पार १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. तर ९२,००० माझे, ९२,००० बायकोचे, टीडीएस पण अर्धा अर्धा. तिला दुसरं काही उत्पन्न नाही, म्हणून तिच्या वाट्याचे ९,२०० अख्खे परत यायला हवेत. हिशोब एवढाच.

हे सगळं मी त्या ऑनलाइनवाल्यांना चॅटवर लिहून दिलं होतं. उत्तर आलं, ‘नोटेड सर’. नोट काय केलं देव जाणे. त्यांनी आकडे बरोबर वाटून टाकले पण दोघांचंही आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, भरलं, आणि ५ए लागू असलेल्या माणसाला आयटीआर-१ चालतच नाही, हे मला नंतर कळलं. जुलै २०२४ ला भरलं, आधार ओटीपीनं त्याच दिवशी व्हेरिफाय पण केलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती, त्याआधी पैसे येतील म्हणून हिनं मिक्सर बघून ठेवलेला. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधून झाली, विसर्जन झालं, पैसे नाहीत. मी रोज पोर्टल उघडून बघायचो, जसं काय बघितल्यानं ते लवकर होणार.

ऑक्टोबरात हिच्या रिटर्नची कलम १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे तपासून काय निघालं त्याची नोटीस, मेलवर आली. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढं जन्मतारीख. मी हिची जन्मतारीख चुकीची टाकली, दोनदा, ती शेजारीच बसलेली, ते प्रकरण वेगळं. उघडल्यावर आत दोन रकाने दिसले, एकात तुम्ही भरलेलं आणि दुसऱ्यात त्यांनी काढलेलं. टीडीएसच्या ओळीत डावीकडे ९,२०० आणि उजवीकडे ०. रिफंड पण ०.

ऑनलाइनवाल्यांना दाखवलं तर म्हणे डिपार्टमेंटकडून डिले आहे, वाट बघा. अहो उजवीकडे शून्य लिहिलंय, वाट कशाची बघायची.

मग हेल्पलाइन, १८०० १०३ ००२५. माझ्याशी बोलेनात, पॅन बायकोचा म्हणून तिलाच फोन द्यावा लागला, ते योग्यच आहे म्हणा. पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं की मॅडम तुमच्या पॅनच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, टीडीएस दिसतच नाही. दिसणार कसा, बँकेनं तो माझ्या पॅनवर कापलाय. पण ५ए वगैरेपर्यंत बोलणं गेलं नाही. रोग कळला, औषध नाही. तीन स्टार.

पुढच्या सोमवारी हाफ डे टाकून कदंबा बसनं पणजीला गेलो. पाटोवर आयकर भवन स्टँडपासून चालत जाण्याएवढंच आहे. रिटर्न बेंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे खात्याच्या प्रोसेसिंग सेंटरात, प्रोसेस होतं तेव्हा इथं कुणी बटण दाबून पैसे सोडणार नाही हे मला माहीत होतं, तरी गेलो. तिथल्या माणसानं कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न, ‘शेड्यूल ५ए भरलंय?’ म्हणजे रिटर्नमधला नवराबायकोच्या वाटणीचा तक्ता. एवढंच. तीन महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस! चार स्टार, त्या एका प्रश्नाचे.

आणि आता फोंड्यातले सर. नाव लिहीत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, जुलैत तिथं आधीच जिन्यापर्यंत लाइन असते. छोटं ऑफिस, फायलींवर फायली, कॉम्प्युटर जुना. आधी पासबुक मागितलं. खातं हिच्या माहेरच्या नावावर आणि पॅनवर सासरचं नाव. म्हणाले, ‘बाकी सगळं केलं आणि हे राहिलं तर रिफंड परत फिरणार, अगोदर बँकेत जा.’ पॅनशी नाव जुळून खातं पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट, म्हणजे आधी तपासून मंजूर, झाल्याशिवाय पैसे जमाच होत नाहीत. ते झाल्यावर दोघांचं रिव्हाइज्ड, म्हणजे सुधारलेलं रिटर्न, आयटीआर-२ फॉर्मवर. त्या वर्षीची मुदत तेव्हा ३१ डिसेंबर होती (मागाहून १५ जानेवारी केली), आमचं नोव्हेंबरात झालं. मला स्क्रीन फिरवून दाखवलं, टीडीएसच्या शेड्यूलमध्ये एक रकाना आहे, हा टीडीएस स्वतःचा की दुसऱ्याचा, तिथं ५ए प्रमाणे जोडीदार निवडायचं आणि बाजूला पॅन टाकायचा. माझ्या रिटर्नमध्ये तिचा पॅन आणि अर्धा टीडीएस तिच्याकडे सोडायचा, तिच्यात माझा पॅन. एवढ्या एका पॅनसाठी मी चवथीपासून पोर्टल बघत बसलेलो. दोघांचे मिळून १,५०० घेतले आणि पावती दिली, न मागता. पाच स्टार. एकच तक्रार, फोन उचलत नाहीत, जाऊनच भेटावं लागतं आणि खाली गाडी लावायला जागा नाही.

फेब्रुवारी २०२५ ला तिच्या खात्यात ९,७०६ आले. वरचे ५०६ म्हणजे कलम २४४ए चं व्याज, महिन्याला अर्धा टक्का, १ एप्रिलपासून अकरा महिन्यांचं. मिक्सर तोवर घेऊन झाला होता, माझ्या पगारातून, तेव्हा मी म्हटलं निदान हे ५०६ तरी मला दे. सरांना विचारलं तर म्हणाले ते व्याज पण करपात्र, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि ते पण ५ए मध्ये जाणार. म्हणजे २५३ माझे आणि २५३ तिचे. ती म्हणते कागदावर.